गोकर्णाची पेप्टाइडे आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी: चाचणी कशी आखावी

वनस्पतींतून मिळणारी काही पेप्टाइडे प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारतात, असे निष्कर्ष गेल्या अनेक वर्षांत सातत्याने प्रसिद्ध झाले आहेत, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत व विद्यापीठांच्या विभागांत एम.एस्सी.चे प्रकल्प आणि पीएच.डी.चे विषय याच दिशेने निवडले जाताना दिसतात. विषय मोलाचा आहे. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे 98 हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. अशा रोगाविषयी विधान करताना जी काटेकोर शिस्त हवी, ती पुष्कळ प्रकल्पांत मात्र आढळत नाही. पानांचा अर्क काढायचा, तो एका पेशीवाणावर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या एकाच वंशाच्या पेशींवर, टाकायचा, पेशी मेल्या की कर्करोगविरोधी गुणधर्म सिद्ध झाला असे लिहायचे, एवढ्यावर काम थांबते. प्रस्तुत मार्गदर्शन ज्यांना हे काम नीट करायचे आहे अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे. त्यातील मुख्य आग्रह एकच आहे: ज्या चाचणीत आपला दावा सर्वांत लवकर कोसळू शकतो, ती चाचणी सर्वांत आधी करावी.

रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात घ्यावी. पुढे ज्या पेप्टाइडांचे वर्णन येते, त्यांपैकी एकही आज स्तनाच्या कर्करोगावरील मान्य औषध नाही. गोकर्णाचा काढा किंवा फुलांचा चहा घेतल्याने गाठ विरघळत नाही, आणि त्या आशेवर शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा हार्मोन उपचार लांबवणे जिवावर बेतू शकते.

कोणते पेप्टाइड निवडावे

सर्वप्रथम एक गल्लत दूर करावी. सदाफुलीतून मिळणारी विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधे अल्कलॉइड आहेत, तर स्तनाच्या कर्करोगात नेहमी वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे टर्पीन वर्गातील संयुग आहे. यांतील एकही पेप्टाइड नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची तुलनेने आखूड साखळी. तिचे शुद्धीकरण, टिकाऊपणा आणि पेशीवरील क्रिया या तिन्ही बाबतींत अल्कलॉइडांचे ठोकताळे लागू पडत नाहीत, त्यामुळे कार्यपद्धतीही वेगळी ठेवावी लागते.

निवडीसाठी काही कुळे उपलब्ध आहेत. सोयाबीनमधील ल्युनासिन 43 अमिनो आम्लांचे असून त्याच्या शेपटाकडे ॲस्पार्टिक आम्लाची सलग रांग असते. 1999 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गॅल्वेझ आणि डी लुमेन यांनी त्याचे जनुक सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातले, तेव्हा पेशीविभाजन मध्येच थांबल्याचे दिसले. मंजिष्ठेत आणि तिच्या जपानी भाईबंदांत सहा अमिनो आम्लांची, दुहेरी वलयाची पेप्टाइडे असतात आणि ती पेशीतील रायबोसोमवर बसून प्रथिननिर्मिती रोखतात. मिसलटो या युरोपातील परजीवी वनस्पतीत व्हिस्कोटॉक्सिन नावाची 46 अमिनो आम्लांची थायोनिने (वनस्पतींची विषारी संरक्षक पेप्टाइडे) आढळतात. शेंगवर्गीय बियांतील डिफेन्सिन या संरक्षक पेप्टाइडांवरही बरेच काम झाले आहे.

या मार्गदर्शनासाठी मी सायक्लोटाइड हे कुळ निवडले आहे, कारण त्याची रचना नेमकी माहीत आहे, ते उष्णतेत व पाचक रसांत टिकते, आणि त्याचा एक उत्तम स्रोत, म्हणजे गोकर्ण, आपल्याकडे परसात आणि कुंपणावर सहज वाढतो. सायक्लोटाइडांत साधारण 28 ते 37 अमिनो आम्ले असतात, साखळीची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली असतात आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या सहा रेणूंमधील तीन डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांपैकी एक बंध उरलेल्या दोन बंधांनी तयार केलेल्या कड्यातून आरपार जातो. अशी गाठ बसल्यामुळे हे रेणू विलक्षण चिवट होतात. त्यांचा शोधही या चिवटपणामुळेच लागला. 1960 च्या दशकात काँगोमध्ये काम करणारे नॉर्वेचे डॉक्टर लोरेंट्स ग्रान यांनी पाहिले की तेथील स्त्रिया प्रसूती लवकर व्हावी म्हणून एका वनस्पतीचा उकळलेला काढा घेतात. उकळूनही गुण टिकवणारा तो पदार्थ पेप्टाइड निघाला आणि त्याला कलाटा बी-1 हे नाव मिळाले. त्याची वलयाकार रचना 1995 मध्ये उलगडली. गोकर्णातील सायक्लोटाइडांची नोंद 2011 मध्ये झाली, आणि शेंगवर्गात असे रेणू सापडण्याची ती पहिलीच वेळ होती.

स्तनाच्या कर्करोगाशी या कुळाचा संबंध मुख्यतः गोड व्हायोलेट, म्हणजे युनानी औषधांतील बनफशा, या वनस्पतीतील सायक्लोव्हायोलासिन ओ-2 मुळे जोडला गेला. हे 30 अमिनो आम्लांचे पेप्टाइड एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना मायक्रोमोलर, म्हणजे अतिशय कमी, प्रमाणात मारते, आणि डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एमसीएफ-7 पेशींची त्या औषधाला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढवते, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले. गोकर्णाच्या सायक्लोटाइडांचे काम इतर अवयवांच्या कर्करोगपेशींवर अधिक झाले आहे. विद्यार्थ्याला नवे काही सांगण्यास जागा आहे, ती येथे.

नमुना

वेल कोठून घेतला, कोणत्या महिन्यात, फुलोऱ्यात असताना की शेंगा धरल्यावर, फूल निळे होते की पांढरे, हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवावे. गोकर्णाच्या पानांत, मुळांत, फुलांत आणि बियांत मिळणारी सायक्लोटाइडे वेगवेगळी असतात, त्यामुळे संपूर्ण वनस्पती एकत्र वाटून घेण्याची पद्धत टाळावी. फुलाफळांसह एक फांदी दाबून, वाळवून, तिचा नमुना मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहात ठेवावा आणि त्याचा क्रमांक घ्यावा. त्यासाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम ही ठिकाणे आहेत. हा क्रमांक नसेल तर पुढचे सारे काम कोणत्या वनस्पतीवर झाले हे कोणालाही तपासता येत नाही.

परदेशातील सहकाऱ्याकडे नमुना किंवा अर्क पाठवायचा असेल, किंवा पुढे पेटंट घेण्याचा विचार असेल, तर 2002 च्या जैविक विविधता कायद्यातील तरतुदी व 2023 ची सुधारणा आधी वाचावी आणि चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडील प्रक्रिया पूर्ण करावी. नमुना देशाबाहेर गेल्यावर ही चूक दुरुस्त करता येत नाही.

अर्क आणि शुद्धीकरण

वाळवलेला भाग बारीक दळून त्याच्या वजनाच्या सुमारे दहापट आकारमानाच्या द्रावकात रात्रभर ढवळत ठेवावा. निम्मे ॲसिटोनायट्राइल, निम्मे पाणी आणि एक टक्का फॉर्मिक आम्ल हे मिश्रण सायक्लोटाइडांसाठी चांगले चालते. हिरव्या पानांत हरितद्रव्य फार असल्यास आधी डायक्लोरोमिथेनने धुऊन घ्यावे. हे द्रावक फ्यूम हूडमध्येच हाताळावे. गाळल्यावर ॲसिटोनायट्राइल कमी दाबाखाली उडवून उरलेले द्रावण गोठवून सुकवावे.

यानंतरची पायरी बहुतेक प्रकल्पांत वगळली जाते, आणि माझ्या मते पुढचे बहुसंख्य चुकीचे निष्कर्ष तेथेच जन्म घेतात. ही पायरी टॅनिन व इतर पॉलिफिनॉल काढून टाकण्याची आहे. टॅनिने प्रथिनांना चिकटतात, पेशींच्या पृष्ठभागावर सरसकट परिणाम करतात आणि पुढे येणाऱ्या रंगमापनाच्या चाचणीतही ढवळाढवळ करतात. त्यामुळे अर्क पॉलिअमाइडच्या कॉलममधून जाऊ द्यावा, म्हणजे टॅनिने तेथे अडकून राहतात. त्यानंतर जलविरोधी रेणू धरून ठेवणारे सी-18 कार्ट्रिज वापरावे: आधी 10 ते 20 टक्के ॲसिटोनायट्राइलने धुऊन साखरा व लहान ध्रुवीय रेणू काढावेत आणि मग 80 टक्क्यांनी पेप्टाइडांचा भाग उतरवून घ्यावा. हा भाग सी-18 कॉलमच्या एचपीएलसीवर (उच्च दाबाखाली द्रावणातील घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) वाढत्या ॲसिटोनायट्राइलमध्ये वेगळा करावा. पृष्ठभागावर जलविरोधी अमिनो आम्ले उघडी असल्यामुळे सायक्लोटाइडे बरीच उशिरा बाहेर पडतात, आणि हा उशीरच त्यांच्या ओळखीची पहिली खूण असते. शोषणाचे मापन 214 नॅनोमीटरवर करावे. 280 वर केवळ ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि पॉलिफिनॉल दिसतात, त्यामुळे फसगत होते.

एचपीएलसीसाठी ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल वापरले असेल तर ते सुकवलेल्या पेप्टाइडात क्षाररूपाने शिल्लक राहते आणि त्याचा पेशींवर स्वतंत्र परिणाम होऊ शकतो. अतिसौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून पुन्हा गोठवून सुकवण्याची क्रिया दोन-तीन वेळा केल्यास ते निघून जाते. तसेच पेप्टाइडाच्या एकाही फ्रॅक्शनचा (वेगळ्या केलेल्या भागाचा) समावेश नसलेले, परंतु त्याच सर्व पायऱ्यांतून गेलेले कोरे द्रावण तयार करून ठेवावे. पेशींवरील प्रत्येक प्लेटमध्ये ते असलेच पाहिजे.

हाती आलेले पेप्टाइडच आहे ना, याची खात्री

रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मॅल्डी-टॉफ पद्धतीच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर 2500 ते 4000 डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) या पट्ट्यात शिखरे दिसत असतील, तर सायक्लोटाइड असण्याची शक्यता आहे, एवढेच म्हणता येते. खात्रीसाठी एक सुंदर आणि स्वस्त पडताळणी उपलब्ध आहे. डीटीटी या रसायनाने डायसल्फाइड बंध तोडून आयोडोॲसिटामाइड जोडले की प्रत्येक सिस्टीनमागे वस्तुमान 58 डाल्टनने वाढते, म्हणजे सहा सिस्टीन असतील तर एकूण 348 ने. कलाटा बी-1 चे वस्तुमान सुमारे 2890 आहे, ते या प्रक्रियेनंतर सुमारे 3238 होते. त्यानंतर ग्लुटामिक आम्लापाशी साखळी कापणारे एंडो-ग्लू-सी हे विकर वापरावे. बहुतेक सायक्लोटाइडांत ग्लुटामिक आम्ल एकच असते. साखळी वलयाकार असेल तर एका जागी कापल्यावर तिचे तुकडे होत नाहीत, ती फक्त उघडते आणि पाण्याचा एक रेणू सामावला गेल्यामुळे वस्तुमान 18 ने वाढून सुमारे 3256 होते. साखळी आधीच सरळ असती तर दोन तुकडे दिसले असते. ज्या प्रयोगशाळेत महागडी उपकरणे नाहीत त्यांनाही बाहेरून वस्तुमानाचे तीन वर्णपट (मूळ, बंध तोडल्यानंतरचा आणि विकराने कापल्यानंतरचा) करून घेऊन ही बाब निश्चित करता येते, आणि दावा करण्याचा हक्क या टप्प्यानंतरच मिळतो.

अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम लावताना ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वस्तुमान अगदी सारखे असते हे विसरू नये. केवळ मास स्पेक्ट्रोमीटरवर विसंबून क्रम छापू नये. आरएनएच्या क्रमवाचनाशी किंवा अमिनो आम्लांच्या विश्लेषणाशी तो ताडून पाहावा. ज्ञात सायक्लोटाइडांचे क्रम सायबेस या संग्रहात पाहता येतात.

संगणकावरील अंदाजाविषयीही येथेच लिहितो. चंदीगडच्या सूक्ष्मजीवतंत्रज्ञान संस्थेत तयार झालेली अँटीसीपी आणि कॅन्सरपीपीडी ही साधने पेप्टाइडांची प्राथमिक चाळणी करण्यास उपयुक्त आहेत. परंतु सायक्लोटाइड घेऊन त्याचे इस्ट्रोजेन ग्राहीशी (त्या संप्रेरकाला बांधणाऱ्या पेशीतील प्रथिनाशी) डॉकिंग करणे, म्हणजे ते तेथे कसे बसेल याचा संगणकी अंदाज घेणे, आणि आलेल्या आकड्यावरून कर्करोगविरोधी क्रिया सांगणे याला मला काहीच अर्थ दिसत नाही, कारण हे रेणू मुख्यतः पेशीपटलावर काम करतात. त्यांना त्या ग्राहीची गरज असते, असे मानायला आधार नाही.

पेशींवरील चाचणी

स्तनाचा कर्करोग हा एकच रोग नाही, आणि म्हणून एका पेशीवाणावर केलेले काम अपुरे ठरते. एमसीएफ-7 या पेशी इस्ट्रोजेन ग्राही असणाऱ्या आहेत. त्या अमेरिकेतील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये वेगळ्या केल्या गेल्या व 1973 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. एमडीए-एमबी-231 या इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-2 अशा तिन्ही ग्राहींचा अभाव असलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या आहेत, आणि एसके-बीआर-3 मध्ये एचईआर-2 चे प्रमाण फार मोठे असते. किमान पहिल्या दोन, आणि त्यांच्या जोडीला कर्करोग नसलेल्या एमसीएफ-10ए पेशी, एवढे तरी घ्यावेच. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून पेशी मागवाव्यात. शेजारच्या विभागातून फ्लास्क उसना घेऊन काम सुरू करू नये. एमडीए-एमबी-435 या पेशी वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या, त्यांच्यावर शेकडो निबंध लिहिले गेले, आणि अखेरीस त्या एम-14 या त्वचेच्या मेलॅनोमाच्या पेशी असल्याचे सिद्ध झाले. म्हणून पेशींची एसटीआर ओळखचाचणी (डीएनएवरून ओळख पटवणारी) आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूच्या संसर्गाची तपासणी कामाच्या आरंभीच करून घ्यावी.

96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येकी 5 ते 10 हजार पेशी घालून त्यांना 24 तास बसू द्यावे. पेप्टाइडाच्या निदान सात-आठ मात्रा दुपटी-दुपटीने घ्याव्यात, साधारण 0.4 पासून 50 मायक्रोमोलरपर्यंत. मात्रा नेहमी मायक्रोमोलरमध्ये सांगावी. 3000 डाल्टनच्या पेप्टाइडाचे 10 मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरमागे 30 मायक्रोग्रॅम होतात, आणि हे गणित न मांडल्यामुळे मिलिलिटरमागे 200 मायक्रोग्रॅमला दिसलेला परिणामही निबंधांत प्रभावी म्हणून वर्णिला जातो. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये द्रव लवकर आटतो, तेथे केवळ बफर भरावा. जलविरोधी पेप्टाइडे साध्या प्लास्टिकला चिकटतात, त्यामुळे कमी चिकटणाऱ्या नळ्या वापराव्यात आणि सौम्य द्रावणे ऐनवेळी करावीत.

जिवंत पेशी मोजण्यासाठी बहुतेक ठिकाणी 1983 पासून रूढ झालेली एमटीटी चाचणी वापरतात. यात पिवळ्या द्रव्याचे जिवंत पेशींत जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर होते आणि ते डीएमएसओमध्ये विरघळवून 570 नॅनोमीटरवर मोजले जाते. वनस्पतिज नमुन्यांसाठी या चाचणीचा मोठा दोष असा की पॉलिफिनॉल आणि थायॉल असणारी संयुगे पेशी नसतानाही हा रंग तयार करतात, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत वाटू शकतात. पेशी न घातलेल्या काही वेलमध्ये अर्क व एमटीटी एकत्र करून हा दोष तपासावा, आणि मुख्य निष्कर्ष सल्फोरोडामाइन-बी या प्रथिनांना रंगवणाऱ्या दुसऱ्या चाचणीने पडताळावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर आकडा छापू नये.

एमसीएफ-7 साठी आणखी एक दक्षता घ्यावी लागते. माध्यमातील फिनॉल रेड या रंगाला सौम्य इस्ट्रोजेनसारखी क्रिया असते आणि या पेशी तिला प्रतिसाद देतात. सोयाबीनमधून ल्युनासिन काढणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे, कारण सोबत येणारे जेनिस्टीन कमी मात्रेत एमसीएफ-7 ची वाढ करते आणि जास्त मात्रेत ती रोखते. नमुन्यात ते थोडेही शिल्लक असेल तर दिसलेला परिणाम पेप्टाइडाचा की जेनिस्टीनचा हे सांगता येणार नाही. अशा कामासाठी फिनॉल रेड नसलेले माध्यम आणि कोळशाने स्टिरॉइड काढून टाकलेला सीरम वापरावा.

एका प्लेटमधील तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा वाढवलेल्या पिढीच्या) पेशींवर, शक्यतो पेप्टाइडाच्या निराळ्या बॅचवर केलेले किमान तीन स्वतंत्र प्रयोग असावेत, आणि प्रत्येकात डॉक्सोरुबिसिनसारखे ज्ञात औषध तुलनेसाठी ठेवावे. आयसी-50 चा, म्हणजे निम्मा परिणाम घडवणाऱ्या मात्रेचा, आकडा त्याच्या विश्वासमर्यादेसह द्यावा.

रक्तपेशींची चाचणी

माझा आग्रह असा की तांबड्या रक्तपेशींची चाचणी एमसीएफ-7 वरील पहिल्या प्लेटच्याच आठवड्यात करावी. सायक्लोटाइडे पेशीपटलातील फॉस्फॅटिडिलइथेनॉलामाइन या मेदरेणूला चिकटतात. निरोगी पेशींत तो बहुतांशी पटलाच्या आतल्या थरात असतो, तर कर्करोगपेशींत तो बाहेरच्या थरातही येतो, आणि निवडकतेची सारी आशा या फरकावर उभी आहे. मात्र हा फरक प्रमाणाचा आहे. मात्रा वाढली की तांबड्या पेशीही फुटतात, आणि कलाटा बी-1 रक्तपेशी फोडते ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे.

चाचणी सोपी आहे. धुतलेल्या तांबड्या पेशी बफरमध्ये घेऊन त्यांत पेप्टाइडाच्या त्याच मात्रा घालाव्यात, 37 अंश सेल्सिअसला तासभर ठेवून सेंट्रिफ्यूज करावे आणि वरच्या द्रवातील हिमोग्लोबिन 540 नॅनोमीटरवर मोजावे. ट्रायटन एक्स-100 या पटल विरघळवणाऱ्या द्रव्याने फुटलेल्या पेशी म्हणजे 100 टक्के आणि नुसता बफर म्हणजे शून्य धरावे. माणसाचे रक्त वापरायचे असेल तर संस्थेच्या नीतिसमितीची लेखी परवानगी आधी घ्यावी. या चाचणीत सीरम नसतो आणि पेशींच्या माध्यमात सहसा 10 टक्के असतो, हा फरक तुलना करताना ध्यानात ठेवावा, कारण सीरममधील प्रथिने व मेद पेप्टाइड अडवून ठेवतात आणि मग कर्करोगपेशींवरील आयसी-50 चा आकडा विनाकारण मोठा दिसतो. शक्य असल्यास दोन्ही चाचण्या एकाच सीरममात्रेत करून पाहाव्यात.

एमसीएफ-10ए साठीचा आयसी-50 भागिले कर्करोगपेशींसाठीचा आयसी-50 हा निवडकता निर्देशांक होतो. तो 1 च्या जवळ असेल तर हाती आलेले द्रव्य सर्वच पेशींना मारणारे आहे, आणि ते तसे स्पष्ट लिहावे. एमसीएफ-10ए चे माध्यम वेगळे असते, त्यात इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, वाढकारक प्रथिन आणि घोड्याचा सीरम असतो. त्यामुळे निर्देशांक 2 किंवा 3 आला तरी त्यावर फार भिस्त ठेवू नये.

पेशी कशा मरतात

सायक्लोव्हायोलासिन ओ-2 कर्करोगपेशींचे पटल काही मिनिटांतच भेदते. ज्या पेप्टाइडाचा परिणाम मिनिटांत दिसतो त्याच्यासाठी 48 तासांनी ॲनेक्सिन-व्ही ही रंगचाचणी करून ॲपॉप्टॉसिस (पेशीचा नियोजित मृत्यू) असल्याचे जाहीर करणे चुकीचे आहे, कारण फुटलेल्या पेशीही त्या रंगाने रंगतात. म्हणून फुटलेल्या पेशींतच शिरणाऱ्या सायटॉक्स ग्रीन या रंगाची किंवा पेशीतील एलडीएच या विकराच्या गळतीची चाचणी 5, 15, 30 आणि 60 मिनिटांनी करावी. पटल शाबूत राहून काही तासांनी कॅस्पेस (नियोजित मृत्यू घडवणारी विकरे) सक्रिय होत असतील तरच पेशीच्या आतील मार्गांचा शोध घेण्यात अर्थ आहे.

याच टप्प्यावर खरा तुलनात्मक नमुना कामी येतो. ज्या पेप्टाइडाचे डायसल्फाइड बंध तोडले आहेत, किंवा ज्यातील एकमेव ग्लुटामिक आम्ल रासायनिक रीतीने झाकले आहे, असे रूप त्याच प्लेटमध्ये तपासावे. सायक्लोव्हायोलासिन ओ-2 मध्ये ते ग्लुटामिक आम्ल झाकल्यावर पेशी मारण्याची शक्ती कित्येक पटींनी घटते. आपल्या पेप्टाइडाच्या बदललेल्या रूपाचीही शक्ती घटली तर परिणाम त्या रेणूच्या रचनेमुळे होतो हे ठामपणे म्हणता येते, आणि घटली नाही तर नमुन्यात दुसरेच काही द्रव्य आहे असा संशय घ्यावा.

प्राण्यांवरील काम कधी

बहुतेक प्रकल्पांनी येथपर्यंत येऊन थांबावे, कारण पुढील पायरीस मान्यताप्राप्त प्राणिगृह, संस्थेच्या प्राणिनीतिसमितीची मंजुरी आणि प्रशिक्षित माणसे लागतात. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत कर्करोगविरोधी औषधांच्या चाचणीची सुविधा आहे, आणि ज्यांचे पेप्टाइड वरील सर्व चाळण्यांतून पार पडले आहे त्यांनी अशा ठिकाणी विचारणा करावी.

तत्पूर्वी सायक्लोव्हायोलासिन ओ-2 चा उंदरांवरील अनुभव प्रत्येकाने जाणून घ्यावा. पेशींवर इतके प्रभावी ठरलेले हे पेप्टाइड उंदरांना शिरेतून दिले गेले, तेव्हा त्यांना सहन होईल अशा मात्रेत गाठींवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. किलोमागे 1.5 मिलिग्रॅमपर्यंत उंदरांना फारसा त्रास झाला नाही, परंतु 2 मिलिग्रॅम ही मात्रा प्राणघातक ठरली. सहनशक्ती आणि मृत्यू यांमधले अंतर इतके अरुंद असेल तर नुसत्या त्या रेणूचे औषध होणे कठीण आहे. म्हणून आज पुष्कळ संशोधक सायक्लोटाइडाकडे औषध म्हणून पाहण्यापेक्षा सांगाडा म्हणून पाहतात: त्याचे विषारी भाग बदलायचे आणि कर्करोगपेशीतील नेमक्या लक्ष्यावर बसणारा आखूड अमिनो आम्लक्रम त्या चिवट वलयात बसवायचा. या वाटेवरही गोकर्णाचे योगदान आहे. 2014 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी गोकर्णातून ब्युटेलेज-1 हे विकर वेगळे केले, आणि ते पेप्टाइडाची दोन टोके अतिशय वेगाने जोडून वलय तयार करते. ज्यांच्या गोकर्णाच्या सायक्लोटाइडाने निवडकतेच्या चाचणीत निराशा केली, त्यांनी त्याच वेलातील या विकराकडे जरूर वळावे.

निष्कर्ष लिहिताना

शीर्षकात कर्करोगविरोधी औषध हा शब्द टाळून पेशीवाणांची नावे द्यावीत. नमुन्याचा संग्रह क्रमांक, शुद्धतेचा एचपीएलसी आलेख, तीनही वर्णपट, पेशींच्या ओळखचाचणीचा दिनांक, सीरमचे प्रमाण आणि रक्तपेशींवरील आकडा हे मुख्य मजकुरात असावेत, परिशिष्टात ढकलू नयेत. ज्या फ्रॅक्शननी काहीच केले नाही, त्यांचाही तक्ता द्यावा, कारण पुढच्या वर्षी त्याच विभागात येणारा विद्यार्थी तोच वेल पुन्हा दळणार असतो, आणि त्याचे सहा महिने त्या तक्त्यामुळे वाचू शकतात. वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने विचारले तर त्यालाही आकड्यांसह हेच सांगावे, आणि बातमी छापण्यापूर्वी मजकूर दाखवण्याची अट घालावी. आपल्या नावाने छापलेले एक सैल वाक्य वाचून एखाद्या रुग्णाने उपचार सोडले, तर त्या निर्णयाच्या वेळी तेथे आपण नसतो.